शिंक

आधी चपला. मग सदरा, पँट, दुपट्टा,
सगळं अंगणातल्या बादलीत, वर झाकण.
मग नळाखाली मी,
पन्नाशीचा बाप्या, चड्डीवर, कोणी पाहो न पाहो,
केसांतून, कानांमागून, नखांतून
कळमन्याची मिरची धुऊन काढतो.
तेवीस वर्षं पोत्यांचं वजन लिहिलं,
लाल धुळीत जेवलो, लाल धुळीत खोकलो,
कधी वाटलं नाही
की मी घरी काही घेऊन येतो म्हणून.

आत निरंजना आहे.
तिच्या नाकाच्या पार आत, मेंदूच्या उंबरठ्याशी,
एक ताजं ठिगळ आहे.

धंतोलीच्या बोकारे मॅडमनी कागदावर काढून दाखवलं :
दुर्बीण इथून गेली, बोराएवढी गाठ घेऊन आली,
भिंतीला पडलेलं भोक
बाईंच्याच मांडीच्या चरबीनं बुजवलं.
आता हा गिलावा ओला आहे.
नाक शिंकरायचं नाही. वाकून काही उचलायचं नाही.
नाकात भाडेकरूसारखे निमूट राहणारे जंतू
वाट फुटली तर वरच्या मजल्यावर चढतात.
शिंक आलीच, तर दाबायची नाही,
तोंड उघडं ठेवायचं.

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे ऐकून होतो.
इथं उलटंच.

मग गल्लीला कळलं.
बांतेकाकू भिंतीआडून विचारायच्या,
"ठेचा कुटू का वो? फोडणी घालू?"
मी आमच्या खिडक्या लावायचो, मग हाक द्यायचो, "घाला!"
कूलरची गवताची जाळी मागच्या सालची, हिरवट, बुळबुळीत.
ती मी काढून फेकली. बेचाळीस डिग्रीत
नुसता पंखा, आणि तिच्या पायांवर ओला पंचा.

उमरेडहून सासूबाई तूप घेऊन आल्या.
"दोन थेंब नाकात सोड, जावई."
मी पाया पडलो, आणि तूप
भाकरीवर वाढलं.

पाणी खळखळून उकळायचं, झाकून निववायचं,
मोजून मीठ, चिमूटभर सोडा.
नळाचं पाणी पोटाला चालतं, नाकाला नाही.
बाटली रोज धुवायची, उपडी वाळवायची.
गोळ्यांचं पाकीट मी कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलं.
पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बरं वाटते आता, काऊन खाऊ?"
मी काही बोललो नाही. गोळी आणि पेला
हातात धरून उभा राहिलो,
वजनकाट्यापुढं राहतो तसा.

अकराव्या रात्री दोन वाजता तिनं मला हलवलं.
"घशात खारट लागून राहिलं."
माझे हातपाय गळाले.
सिस्टर ढोकेंनी फोनवर एकेक विचारलं :
नाकातून पाण्यासारखं थेंब थेंब? ताप? डोकं?
हनुवटी छातीला लागते का, हळूच पाहा.
तिनं मान खाली घातली,
लग्नाच्या फोटोत घातली होती तशी,
आणि मी वाटी धरून, मोबाईलच्या उजेडात,
तिच्या नाकाच्या शेंड्याकडं पाहत बसलो.

काही पडलं नाही.
पडलं ते डोळ्यांतून.
"मेली असती तर," ती म्हणाली,
"तू अंगणात आंघोळ केली असतीस का रे रोज?"
सिस्टर फोनवरच होत्या. "तरी सकाळी घेऊन या," म्हणाल्या.
सकाळी मॅडमनी दुर्बिणीतून पाहिलं. गिलावा धरून होता.
खारट होतं ते रडूच, आधीपासूनचं, आतून उतरलेलं.

एकोणिसाव्या दिवशी शिंक आली.
माशी कुठे शिंकली ठाऊक नाही,
मी तर दोनदा धुतलेला होतो.
तिनं भिंत धरली, आ वासला,
आणि अशी शिंकली की कोपऱ्यातलं मांजर पळालं.
गल्लीत खलबत्ता थांबला.
आम्ही दोघं थांबलो.
भिंतीआडून बांतेकाकू हळूच म्हणाल्या, "सत्य."

नाक कोरडं. ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.
मी पुन्हा मोजला.
मग गंजात पाणी घेतलं
आणि उकळायला ठेवलं.